म्हस्कू आबांचं घोंगडं

बारामतीच्या एमआयडीसीत मल्हार दुधाच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा. नट सैल असल्याशिवाय काही खडखडत नाही, असा त्याचा सरळ हिशोब. रविवारी सुटी. साडेबाराला कळस गावातल्या घरात तो टीव्ही लावी. हिंदीत आणलेली जुनी परदेशी मालिका होती. जुन्या सामानाच्या दुकानातली एखादी शापित वस्तू दर आठवड्याला कुणाचातरी जीव घेई आणि एकच्या ठोक्याला तळघरात कुलूपबंद होई. मल्हार पोट धरून हसायचा.

त्या रविवारी मात्र त्याचं हसू आटलं. दुकानातल्या फळीवर, आरशाशेजारी, काळं घोंगडं घडी करून ठेवलेलं होतं. कोपऱ्याला लाल दोऱ्याचे सात वाकडे टाके.

तेच टाके त्याच्या पाठीमागं, आढ्याला टांगलेल्या झोळीला होते. झोळीत त्याची चार महिन्यांची पोरगी झोपली होती.

घोंगडं त्याच्या बापाचं, म्हस्कू आबांचं. सारा जन्म मेंढरांमागं घालवलेला माणूस. घरची रीत अशी की, गेलेल्याचं घोंगडं दहाव्याला रानातल्या मेंढक्याला द्यायचं. मल्हारनं नवंकोरं देऊन हे ठेवून घेतलं होतं. वापरून मऊ झालेली लोकर पोरीला बोचणार नाही म्हणून.

पुढच्या रविवारी फळी रिकामी होती. दुकानाच्या छताला घोंगड्याची झोळी टांगलेली होती आणि ती हलत होती. पडद्यावरची माणसं तिच्याकडं न बघता बोलत होती.

"आयं, तुला दिसतंय का?"

त्याची आई, आक्काबाई, टीव्हीजवळ सरकली. "आबांचं हाय ते. मेंढक्याला देऊन ये आजच. मेंढरामागं हिंडू दे."

"लोकं काय म्हनतील? टीव्हीला भ्याला?"

मल्हारनं झोळी सोडली, पोरीला साडीची बांधून दिली. घोंगडं मात्र पत्र्याच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला अडकवली. मालिकेतली माणसं करतात तेच आपण केलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आठवडा बरा गेला.

रविवारी सुकन्या, त्याची बायको, चुलीपासून कौतुकानं म्हणाली, "सकाळधरनं रडली न्हाय बगा पोरगी."

मालिका लागली. शेवटाकडं पडद्यावर तळघराचं लोखंडी दार लोटलेलं दिसलं, कुलूप अजून लागायचं होतं. आतून बाळाचं रडणं येत होतं.

सुकन्या पोरीला कडेवर घेऊन धावत आली. पोरीचं तोंड उघडं, चेहरा लालबुंद, गाल ओले. आवाज नाही. ती श्वासाला थांबली, तसं टीव्हीतलं रडणंही थांबलं. मग दोन्ही पुन्हा सुरू झालं.

मल्हारनं ट्रंकेचं कुलूप काढलं. आत फक्त दोन डांबरगोळ्या होत्या.

"बंद करा की ते!" सुकन्या किंचाळली.

त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. बंद केलं तर तो आवाज कुठं जाईल, हे त्याला कळेना.

पोरगी रडत होती. भिंतीवरच्या घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती.