दाताळावरची लाट

“आणि अजाणत्यांनी काय करावं?”

फळ्यावर लिहिणारा हात थांबला. फळा घाटावरच्या बाभळीला टांगलेला होता आणि त्यावर पांढऱ्या खडूनं सुबक अक्षरात लिहिलं होतं – ‘पाणी सव्वीस फूट. वारा नैऋत्येचा, दुपारनंतर जोर. दाताळावरची लाट छातीभर. जाणत्या नावाड्यांनीच जावं.’

“अजाणत्यांनी,” तो मागं न बघताच म्हणाला, “काठावर बसून भजन करावं.”

“तेच कराले आलो आम्ही. पण पलीकडं, बेटावर.”

तेव्हा कुठं तो वळला. खाकी पँट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, नाकाच्या शेंड्यावर खडूचा ठिपका... तो ठिपका त्याला सांगावा की नाही, याचा विचार करताना मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन. कारण तो गोंधळला आणि खडू त्याच्या हातून पडला.

“तुम्ही बुवांच्या कोण?”

“मुलगी. गोपिका.”

“मी मनोहर ठवकर. मौद्याचा. नागपूरच्या हापिसातून पाणी मोजाले ठेवलं मले इथं.” मग थोडं थांबून, “बुवांच्या संगं पेटी वाजवाले आल्या का?”

“नाही,” मी म्हटलं. “यंदा बुवा पेटी वाजवतील. कीर्तन मी करून राहिली.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच एका परक्या माणसाला सांगत होते.

एकाहत्तर साल होतं ते. आम्ही हुडकेश्वरचे. बाबांची चार एकर शेती होती, पण गावोगाव ओळख होती ती वामनबुवा कीर्तनकार म्हणून. कुहीच्या पुढे वैनगंगेवर शिवनघाट आहे. तिथं नदीच्या मधोमध बेट आणि बेटावर विठोबाचं लहानसं देऊळ. भाद्रपदातल्या एकादशीला तिथं बाबांचं कीर्तन, एकोणीस वर्षं, एकदाही न चुकता. पण त्या उन्हाळ्यात बाबांचा गळा गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोला हळू, गाणं बंद. देवळाच्या पंचांचे प्रमुख दादाजी घरी आले आणि म्हणाले, दुसरे बुवा पाहतो. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझी पोर उभी राहीन.”

दादाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. “बाई मानूस त्या गादीवर कधी उभी नाही राहिली, बुवा. पण तुमचा शब्द आहे. एक डाव पाहू. नाही जमलं, तर पुढच्या सालापासून दुसरे.”

म्हणजे त्या एकादशीला बाबांची एकोणीस वर्षांची सेवा माझ्या ओंजळीत होती. सांडली, की संपली.

नदीचा भरवसा नसतो म्हणून आम्ही तीन दिवस आधीच येऊन घाटावरच्या धर्मशाळेत उतरलो होतो. काठ आणि बेट यांच्या मधोमध पाण्याखाली काळ्या खडकांची एक रांग आहे, तेच दाताळ. उन्हाळ्यात ते उघडं पडतं, फणीसारखं. भाद्रपदात मात्र वरून येणारं पाणी त्या खडकांवर आदळून उभं राहतं, शेंड्याला पांढरं होतं, वळतं आणि धाडकन कोसळतं. त्या खडकांत दीड नाव जाईल एवढीच एक फट आहे. ती फट ठाऊक असलेली दोनच माणसं, चंपतराव ढिवर आणि त्यांचा भाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीवर पदांची उजळणी करून घाटावर गेले, तर फळ्यावर चार ओळींखाली पाचवी ओळ होती – ‘धर्मशाळेकडून सूर. स्वच्छ. तिसऱ्या कडव्याले थोडे ढगाळ.’

“हे काय लिहिलं?” माझा चेहरा तापला होता.

“जे दिसते, ऐकू येते, ते लिहा लागते. सरकारी काम आहे.”

“तिसऱ्या कडव्याले मी ठसकली होती.”

“हाव का? मग दुरुस्त करतो.” त्यानं बाहीनं ‘ढगाळ’ पुसलं आणि गंभीर चेहऱ्यानं लिहिलं – ‘ठसका. दुपारपर्यंत निवळेल.’

मी हसले. हसायचं नव्हतं... पण हसले. चंपतराव नावेतलं पाणी उपसत होते, ते ओरडले, “ठवकर, माह्या नावेचं लिहा आता. बुडून राहिली ती!”

त्या दोन दिवसांत मी किती वेळा घाटावर गेले, ते विठोबालाच ठाऊक. कधी पाणी बघायला, कधी चुलीसाठी लाकडं बघायला. मनोहर मोजपट्टीच्या खांबाजवळ बसून वहीत आकडे लिहायचा आणि रोज आठ वाजता बिनतारी यंत्रावर नागपूरला कळवायचा. लाटा मोजायची त्याला सवयच होती. मला दाखवायचा, “पाहा, चार लहान, पाचवी मोठी. पाचवी फुटली का घटकाभर पाणी दम घेते. तेव्हाच फटीत घुसा लागते.”

“कितींदा घुसले तुम्ही?”

तो मोजपट्टीकडं बघू लागला. “एकदाही नाही.”

“काहून?”

“पोहता येत नाही मले.”

“मौद्याचे तुम्ही! कन्हानच्या काठचे! आणि पोहता येत नाही?”

“हळू बोला नं वं बाई. चंपतरावले माहीत झालं तर जगू नाही देणार.”

एकादशीच्या सकाळी फळ्यावर लिहिलं होतं – ‘संध्याकाळपर्यंत ठीक. सूर्यास्ताआधी परतावं.’ खाली पाचवी ओळ नव्हती. मी नावेत चढले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “छान होईल तुमचं. मी इथून ऐकतो.”

“इथपर्यंत आवाज येणार नाही.”

“मी ऐकतो,” तो पुन्हा म्हणाला. नाव दाताळावर उधळली, माझ्या पायांशी पाणी आलं, पण माझ्या कानांत तेवढंच राहिलं.

बेटावर साठेक माणसं होती. दोन्ही नावांनी सकाळपासून खेपा करून सगळ्यांना आणलं आणि दोघे भाऊ नावा घेऊन काठावर परत गेले. दुपारी एक वाजता मी गादीवर उभी राहिले. गादी म्हणजे काय, घडी केलेलं घोंगडं आणि त्यावर पांढरं धोतर. पण कीर्तनात ती नारदाची गादी असते. तिच्यावर उभ्या माणसाला वय नसतं, नातं नसतं, आणि आरती होईपर्यंत त्यानं ती सोडायची नसते. बाबा पेटीवर बसले. त्यांनी मला सूर दिला.

पहिली दहा मिनिटं मला काही आठवत नाहीत. मग समोरच्या जिजाबाईंनी, त्या ऐंशी वर्षांच्या असतील, डोळे मिटून मान डोलावली... आणि माझा गळा मोकळा झाला. देवानं ऐन वेळी हात धरला, दुसरं काय म्हणू! निरूपण कधी संपत आलं, कळलंही नाही. दादाजींच्या हातातली सुपारी तशीच राहिली होती.

निरूपण संपून आख्यान सुरू होण्याआधी मधे कीर्तनकाराला हार घालायची रीत आहे. तबकात झेंडूचा हार तयार होता. आणि तेव्हाच सगळे थबकले. दरवर्षी दादाजी बाबांना हार घालायचे. यंदा गादीवर अविवाहित मुलगी उभी. हार घालायचा कुणी? कुणा सवाशिणीनं, हे उघड होतं. पण आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाजी हार घेऊन अर्धवट उठले, अर्धवट बसले. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या, “तू जाय वं.” “मी नाही, तूच जाय.”

तेवढ्यात मंडपाच्या मागून कुणीतरी चिंब भिजलेलं, पांढरंफटक पडलेलं माणूस धडपडत पुढं आलं. मनोहर! त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कीर्तनात मधे बोलायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मग त्यानं दादाजींच्या हातातला हार घेतला, सरळ माझ्यासमोर आला, माझ्या गळ्यात घातला आणि वाकून कानाशी म्हणाला, “नदीच्या वरच्या ठाण्यावरून बिनतारीवर निरोप आला. पाणी पाच वाजेपर्यंत सहा फूट चढते. हा मंडप पाण्यात जाईन. सगळ्यांना आताच काढा.”

त्याला दिसली ती फक्त कानापर्यंत पोचायची एक वाट. पण साठ माणसांना दिसलं ते वेगळंच. विठोबाच्या समोर, भर मंडपात, एका तरुणानं कुमारिकेच्या गळ्यात हार घातला होता. क्षणभर झांजही वाजेना. मग मागून एक बाई फसकन हसली, आणि कुणीतरी म्हणालं, “अक्षता कुठं हायत वं?”

मनोहरचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय केलं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. कान लालबुंद झाले.

मला हसावं की रडावं, कळत नव्हतं. पण गादीवर होते. मी हात वर केला. “मंडळी, पाणी चढून राहिलं. घाबराचं नाही. आख्यान थांबणार नाही, आरतीही चुकणार नाही. फक्त आपण सगळे उठू.”

“गादी सोडता येत नाही, पोरी,” दादाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

बाबा पेटीवरून उठले. माझ्या पायाखालच्या घोंगड्याची पुढची कड त्यांनी धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “गादी सोडाची नाही. गादी घेऊन चालाचं.”

मग काय सांगू! बाबा घोंगडं ओढत मागं मागं सरकतायत, मी त्यावर पाऊल पाऊल टाकत आख्यान सांगतेय, आणि साठ माणसं झांजा वाजवत बेटाच्या काठावरच्या पायऱ्यांकडं निघालीयत. पायऱ्यांवर गादी पुन्हा पसरली. मनोहरला आणताना दोघे भाऊ दोन्ही नावा घेऊनच आले होते. खेपेला वीस माणसं, तीन खेपा. पहिल्या खेपेत जिजाबाई आणि म्हाताऱ्या, दुसरीत लेकरं आणि त्यांच्या आया. एकेक नाव दाताळ पार करेपर्यंत माझा शब्द तोंडात अडखळायचा, आणि ती पलीकडं लागली की कीर्तन पुन्हा पुढं सरकायचं. पाणी एक पायरी चढलं. मग दुसरी.

शेवटच्या नावेत दादाजी, बाबा, पेटी, घडी केलेली गादी, सहाएक गडी, मनोहर आणि मी. गादी माझ्या पायाखालीच होती, नावेच्या तळाशी. दाताळाजवळ लाट आता पुरुषभर उभी राहत होती. चंपतरावांनी वल्हं रोखलं.

“फट दिसून नाही राहिली,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं.

“थांबा,” मनोहर म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं नावेची कड अशी धरली होती, की बोटं पांढरी पडली होती. “मी मोजतो... एक... दोन...” पाणी गरजत होतं. “तीन... चार...” पाचवी लाट आमच्या पुढं उभी राहिली, फुटली, तुषारांनी सगळे न्हाऊन निघालो. “आता! चंपतराव, आता!”

नाव फटीत शिरली. डाव्या अंगाला खडक एवढा जवळ, की हात लावता आला असता. आणि मग एकदम शांत पाणी.

“पोहता येत नाही, तरी कायले आले?” मी हळूच विचारलं.

“चंपतराव म्हणे, चालू कीर्तनात मी नाही बोलणार बा, पाप लागते.” तो दमला होता, तरी हसला. “मग कोण जाईन?... आणि खरं सांगू? काठावरून मले तुमचं काहीच ऐकू आलं नव्हतं.”

काठावर सगळी माणसं वाट बघत उभी होती. एकही कमी नव्हतं. मी मनात मोजून पाहिलं आणि डोळे भरून आले. पलीकडं बेटावरचा मंडप गुडघाभर पाण्यात गेलेला दिसत होता. बाबांनी ओल्या मातीवर गादी अंथरली. मी आख्यानाचे शेवटचे दोन शब्द सांगितले आणि बेटाकडं तोंड करून आरती केली. देवाला एवढ्या लांबून ओवाळलेलं पहिल्यांदाच असेल. पण इतक्या जवळ तो मला आधी कधी वाटला नव्हता.

आरतीनंतर रीतीप्रमाणे सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला रांगेत आले. जिजाबाई वाकल्या. चंपतराव वाकले. दादाजी वाकले, माझ्या बाबांच्या वयाचे. म्हणाले, “पुढच्या साली लवकर या, बाई. पाण्याच्या आधी.” मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. त्या वेळी पाय मागं घ्यायचे नसतात. तो नमस्कार आपल्याला नसतो, नारदाला असतो.

रांगेच्या शेवटी मनोहर होता. तो पुढं झाला, खाली वाकला...

आणि मी पाय मागं घेतले. गादीवरून खाली उतरले, ओल्या मातीत.

झांज थांबली. सगळे बघत होते. तो अर्धवट वाकलेलाच, मान वर करून म्हणाला, “काहून? माझा नमस्कार चालत नाही?”

“बाकी साऱ्यांचा चालते,” मी म्हटलं. “तुमचा नाही.”

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो सावकाश सरळ झाला. डोळे माझ्यावरून हलेनात. “ते हाराचं... तेव्हा मी फक्त निरोप सांगाले आलो होतो.”

“माहीत आहे.”

“आता निरोप नाही काही. पण मले... मले वाटते...” आणि रोज फळ्यावर नदीचं भाकीत लिहिणारा तो माणूस पुढं एक शब्द बोलू शकला नाही.

“मौद्याहून मोठ्यांना घेऊन या,” मीच म्हटलं. “हुडकेश्वरले. बाबांशी बोला.”

मी बाबांकडं पाहिलं. ते पेटी पुसत होते, पण कधीची तीच एक पट्टी पुसत होते. त्यांनी घसा खाकरला. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज मला एवढा स्वच्छ कधी वाटला नव्हता.

“अवं, कोरड्या कपाळानंच उभा ठेवशील का त्याले, गोपिके? बुक्का लाव.”

मी बुक्क्याच्या वाटीत बोट बुडवलं. ज्या देवानं त्या एका दिवसात मला गादी दिली, बाबांची सेवा राखली, साठ जीव पार नेले, त्याला अजून काय मागायचं होतं? काहीच नाही. मनोहरनं मान झुकवली, मी टाच उचलली, आणि त्याच्या ओल्या कपाळावर बुक्का लावला.