एकवीसचं मॉडेल

जुनी गाडी घ्यायला दोघांनी जावं. एकानं इंजिन ऐकावं, दुसऱ्यानं विकणाऱ्याचं तोंड बघावं. रुद्रेश मात्र त्या दुपारी एकटाच नळदुर्गला गेला. इंजिन ऐकणारा त्याचा थोरला भाऊ बंडप्पा पोळ्याच्या सुमाराला वारला होता, आणि आता रानात तूर फुलावर आली होती.

दोघा भावांचा धंदा बोअरमधल्या मोटारी काढायचा. लोखंडी घोडी उभी करायची, साखळीनं पाइप वर ओढायचा, जळालेली मोटार काढून चांगली खाली सोडायची. काम सगळं रानात, आणि रान सगळं काळ्या मातीचं. पाऊस झाला की त्यांचा जुना टेम्पो बांधापाशीच बसकण मारायचा. म्हणून बंडप्पाच्या डोक्यात एकच गाडी होती. मागं हौदा, पुढं घरच्यांना बसायला दोन रांगा, आणि चारी चाकांना ताकद देणारी मधल्या अंगाची पिकअप. नवी झेपणारी नव्हती. जुनीच घ्यायची होती, पण कुठल्या सालाची, यावर त्यानं अख्खं वर्ष घालवलं होतं.

जेवणं झाली की बंडप्पा अंगणातल्या बाजेवर आडवा व्हायचा. तो इतका उंच, की पाय बाजेच्या बाहेर लोंबायचे. मोबाइल छातीवर उभा धरून तो एकेका सालाची गाडी बघायचा. रुद्रेश पायथ्याशी शेंगा फोडत बसायचा.

"अठराची बघ," बंडप्पा म्हणायचा. "चारी चाकाचा दांडा गिअरच्या शेजारीच. हातानं वढायचा, खाड्कन लागतोय. एकवीसच्या मॉडेलात दांडाच न्हाय. गोल खटका बसवलाय. धूर साफ करायला येगळं पाणी घालायचं, पट्टा लावला न्हाय तर घंटी."

"वाजू दे की घंटी. काय बिघडतंय?"

"येड्या, आपण मोटारीची माणसं. जेवढ्या वायरी, तेवढी भुतं."

"अण्णा, तुझं मॉडेल ठरंस्तवर माझी पोरं कॉलेजात जात्याल."

"आधी लगीन तर कर. तुला कोण पोरगी देतंय, सातवी नापासाला?"

यावर उंबऱ्यात बसलेली त्यांची आई, रुद्रम्मा, तोंडाला पदर लावून हसायची. दोघं तिला अव्वा म्हणत. शेंगांच्या टरफलांचा तो आवाज, अव्वाचं ते दबकं हसू, आणि अण्णाचं ठरलेलं शेवटचं वाक्य: "थांब जरा. म्होरच्या साली ह्याच गाडीचा भाव उतरंल."

म्होरचं साल बंडप्पाला मिळालं नाही. ओल्या रानात मोटार सोडताना त्याला करंट लागला. तो लगेच गेला नव्हता. रुद्रेशच्या मांडीवर डोकं ठेवून तो टकाटका बघत होता. टेम्पो मात्र चिखलात रुतला होता. बैल आणून, दोर लावून तो बाहेर काढेपर्यंत बंडप्पाचे डोळे उघडेच होते, पण बघत नव्हते.

त्या दिवसापासून अव्वा जवळजवळ बोलेनाशी झाली. भाकरी थापायची, वाढायची, आणि भिंतीला टेकून बसायची. रुद्रेशला वाटायचं, अण्णाची गाडी दारात उभी राहिली तर ही निदान उठून बघेल तरी.

हायवेला लागून गुरुसिद्धप्पाचा गाड्यांचा अड्डा होता. म्हातारा पूर्वी बैलबाजारातला हेडी, बैलांचा दलाल. बैल संपले तसा तो गाड्यांकडं वळला, पण हाताची सवय गेली नव्हती. बॉनेटवर थाप मारायचा ती वशिंडावर मारावी तशी.

"दोन्ही हायत बघ," तो म्हणाला. "ही अठराची, ही एकवीसची. टायर बघ आधी. गाडीचं टायर म्हंजे बैलाचं दात. बंडप्पाचा डोळा अठराचीवर व्हता. दोनचार डाव येऊन बसून गेला बिचारा."

"कुठं बसला व्हता?"

"तिथंच की, ड्रायव्हरच्या शेजारी. म्हणला, चालवंल माझा भाऊ. म्या नुसतं बसून रस्ता दावणार."

रुद्रेशनं मान खाली घातली आणि अठराच्या गाडीची चावी उचलली.

गाडी झकास होती. किल्ल्याच्या मागं बोरी नदीच्या अंगानं कच्चा रस्ता जातो, तिथं त्यानं ती घातली. दांडा ओढला, खाड्कन लागला. दगडगोट्यांवरून गाडी शेळीसारखी चढली. अण्णानं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. पण शेजारची शीट रिकामी होती. प्रत्येक धक्क्याला ती नुसतीच हलत होती. अण्णा इथं बसून गेला होता, तरी त्याचा ग्रीसचा वास नाही, तंबाखूचा नाही, काही नाही. रुद्रेश तोंड दाबून रडला आणि गाडी वळवून अड्ड्यावर घेऊन आला.

एकवीसची त्यानं काढली ती केवळ म्हाताऱ्यानं आग्रह केला म्हणून. गाडी आतून गुळगुळीत, काचा वर केल्या की बाहेरचा आवाज बंद. त्याच रस्त्यानं तो निघाला. ऊन कलतं झालं होतं. किल्ल्याची सावली रस्त्यावर उतरली होती. त्या सावलीत गाडी शिरली, आणि...

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला. पट्टा बांधलेल्या माणसाचं छोटं चित्र. रुद्रेशनं स्वतःचा पट्टा चाचपला. तो लावलेला होता. घंटी शेजारच्या शीटची होती. शीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, तरच ती वाजते, हे अण्णानंच त्याला सांगितलेलं.

शीटवर कुणी नव्हतं. पिशवी नव्हती, पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

त्यानं गाडी थांबवली. घंटी थांबली नाही. काचा बंद, वारा बंद, आणि तेवढाच तो आवाज. मग हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात न्यावा तसा, त्यानं त्या रिकाम्या शीटवरून पट्टा ओढला आणि खाचेत बसवला.

घंटी बंद झाली.

"अण्णा...?"

रुद्रेशला उत्तराची गरजच उरली नव्हती. तो बोलत सुटला. अव्वा बोलत नाही ते सांगितलं. टेम्पो भंगारात घातला ते सांगितलं. घोडीची साखळी त्याच्या बाजेच्या उशाशीच ठेवलीय ते सांगितलं. "मी चालवतो, तू रस्ता दाव," तो म्हणाला. "घरी चल, अण्णा. लई दिस झालं."

अड्ड्यावर आल्यावर त्यानं गाडीतूनच हाळी दिली, "काका, हीच."

गुरुसिद्धप्पा चकित झाला. "अरं, बंडप्पानं वर्षभर अठराचं नाव काढलं, आन् तू एकवीसची घेतोस?"

"व्हय. हीच."

म्हाताऱ्यानं पलीकडचं दार उघडून आत बघितलं. "शीट म्होरं कुणी घेतली?"

शेजारची शीट पार डॅशबोर्डला भिडली होती. तिथं अण्णाचे गुडघेही मावले नसते. रुद्रेशनं चटकन ती मागं सरकवली, शेवटच्या खाचेपर्यंत. "माझाच हात लागला आसंल," तो म्हणाला.

व्यवहार झाला. मग गुरुसिद्धप्पानं तांब्याभर पाणी आणलं. ही त्याची बैलबाजारातली रीत. बैल विकताना मालक दावं सोडून घेतो, बैल मोकळ्या गळ्यानं देतो. गाडीला दावं नसतं, म्हणून म्हाताऱ्यानं आपली वेगळी रीत पाडली होती. चाकावर पाणी ओतायचं, आणि दोघांनी एकेक शब्द बोलायचा. त्याशिवाय त्याच्या अड्ड्यातून आजवर एकही गाडी हलली नव्हती.

पाणी ओतून तो म्हणाला, "रिकामी दिली."

रुद्रेशनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"म्हण की. रिकामी घेतली."

रुद्रेशनं काचेतून त्या बांधलेल्या पट्ट्याकडं बघितलं. रिकामी म्हणायचं? अण्णाला स्वतःच्या तोंडानं खाली उतर म्हणायचं? चिखलातून त्याला काढता आलं नाही, आणि आज कुठं तो परत येऊन बसलाय...

"भरलेली घेतली," तो म्हणाला.

म्हाताऱ्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय बोललास?"

"ऐकलं ते." रुद्रेश गाडीत चढून बसला.

"रुद्रेश, आसलं बोलू नये. तुला ठाव हाय का कोण...? बघितलंस का तोंड?" त्याचा आवाज खाली आला. "ह्या गाडीचा पहिला मालक इथं उभा राहून रिकामी दिली म्हणला न्हाय. पाठ फिरवून रडत गेला. मला वाटलं, गाडीवर जीव आसंल. लेका, आजून येळ हाय. उतर खाली आन् बोल नीट."

"माझ्या भावाचं मला ठाव," रुद्रेश म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली. आरशात म्हातारा कितीतरी वेळ तांब्या धरून रस्त्याच्या मधोमध उभा दिसत होता.

घरची वाट तासाभराची. ज्वारीची कोवळी रानं, मधूनच कुणाच्या तरी गोठ्यातला धूर. रुद्रेश बोलत होता. लहानपणी बंद पडलेल्या टेम्पोत बसून दोघं तोंडानं इंजिनचा आवाज काढत सोलापूरला जायचे, ते आठवून तो हसलाही. मध्येच त्याला वास आला. त्यानं आशेनं श्वास ओढला. ग्रीस नव्हतं. तंबाखू नव्हती. उतू गेलेल्या दुधासारखा, ऊबदार, गोडसर वास.

करकर आवाज झाला.

शीट एक खाच पुढं सरकली. मग आणखी एक. मग हळूहळू, थांबत थांबत, पार पुढं.

"अण्णा, गुडघं लागत्याल..." रुद्रेश पुटपुटला. नंतरच्या वाटेवर तो काही बोलला नाही. शेजारी बघितलंही नाही. गाडी परत वळवावी, पाण्याचा तांब्या मागून घ्यावा, असं एकदा मनात आलं. पण आपणच घरी चल म्हटलेल्याला वाटेत उतरवायचं, तर ते कसं, हे त्याला कळेना. आणि कोण जाणे, अण्णाच असला तर?

गाडी दारात उभी राहिली, आणि अव्वा उठली. खरंच उठली. भाकरीचा तुकडा ओवाळून तिनं लांब टाकला, चाकाला हळद लावली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"अण्णाच्या समाधीकडं ने मला. आंधार पडायच्या आत."

समाधी रानाच्या कडेला होती. अव्वानं पुढचं दार उघडलं आणि ती थबकली. आत वाकून बघत राहिली.

"अव्वा, तू मागं बस."

"का? हितं जागा हाय की."

"मग शीट तरी मागं घे. तुझं पाय मावायचं न्हायती."

"नको. आसू दे तशीच."

तिनं पट्टा सोडला आणि अंग चोरून, तिरकी होऊन बसली. गुडघे डॅशबोर्डला टेकले होते, पण तोंडावर त्रास नव्हता. तिनं पट्टा पुन्हा ओढला. लागेल त्याहून बराच जास्त, हातभर सैल. तो खाचेत बसवला. पट्टा सैल असूनही तिच्या पोटाशी लोंबला नाही. तिच्यापुढं फुगून, गोलसर होऊन राहिला. त्या गोलावर तिनं दोन्ही तळवे अलगद टेकवले. गाडी हलली तर कुणाचं कपाळ समोर आपटू नये, तसे.

घंटी वाजली नाही.

रुद्रेश स्टिअरिंगला धरून बसला. विचारायचं नव्हतं, तरी त्यानं विचारलं.

"अव्वा... अण्णा हाय का गं?"

अव्वानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"न्हाय रे. अण्णा न्हाय."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. बाजेपाशी बसून हसायची तेव्हाचा तो आवाज होता. तो ऐकायला रुद्रेश इतके दिवस आसुसला होता. तोच ऐकून आता त्याच्या मानेवर काटा उभा राहिला.

"आपण गाडी परत देऊ, अव्वा. आत्ताच नेऊन..."

"श्श... वरडू नको." तिनं डोळे वर न करताच त्याला दटावलं. "हळू घे गाडी. आत्ता कुठं झोपलंय."

रुद्रेशनं गिअर टाकला. आवाज होऊ नये म्हणून दात दाबून, अगदी हळू टाकला. रानाच्या वाटेला लागताना त्यानं एकदाच बाजूला नजर टाकली. अव्वाच्या तळव्यांखाली तो पट्टा हलकेच वर येत होता, हलकेच खाली जात होता.

अव्वाचा श्वास त्याहून कितीतरी संथ होता.