अलिप्त गट

जुलेखा मुजावर दार न वाजवताच प्रयोगशाळेत शिरल्या. लातूरच्या या शाळेत त्या समुपदेशक होत्या आणि आत्ता इस्पितळातून थेट इकडे आल्या होत्या.

"तेजस वाघमोडे शुद्धीवर आलाय, सर. वाचेल म्हणतात डॉक्टर."

डॉ. शैलेंद्र तावरे मटकन खुर्चीत बसले. काल दहावीतल्या तेजसने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शिपायाचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

"पण काल तुमच्या यंत्रात तो हिरवा होता," जुलेखा म्हणाल्या. "परवाही हिरवाच. मी त्याच्या बाकाजवळून गेले, त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. आणि पुढे निघून गेले! असं कसं झालं?"

तावऱ्यांनी बनवलेलं 'स्वरवेध' हे यंत्र वर्गावर्गांतून मुलांचं बोलणं ऐकायचं. शब्दांशी त्याला कर्तव्य नव्हतं. आवाजातला कंप, दोन शब्दांमधली पोकळी, श्वासाची लय यांवरून ते मनातली निराशा मोजायचं. एरवी मुलाच्या नावापुढे हिरवी खूण असायची, धोका दिसला की लाल उमटायची आणि जुलेखा त्या मुलाला गाठायच्या. कित्येक मुलं अशी सावरली होती.

तावऱ्यांनी तेजसच्या आवाजाचा मूळ आलेख पडद्यावर आणला. तो लालभडक होता.

"म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं?"

"नाही."

"मग मला हिरवा का दिसला?"

"मॅडम, यंत्र घडलेल्या गोष्टींवरून शिकतं. ते लाल दाखवतं, तुम्ही धावून जाता, मूल सावरतं. मग यंत्राच्या हाती काय लागतं? असा आवाज होता आणि पुढे काहीच वाईट घडलं नाही. म्हणजे असा आवाज धोक्याचा नसतो, असं ते शिकतं. तुम्ही वाचवलेलं प्रत्येक मूल त्याला थोडं आंधळं करत होतं. गेल्या वर्षी हे माझ्या लक्षात आलं."

"मग त्याला सांगायचं ना, की ही मुलं मदत मिळाली म्हणून वाचली!"

"सगळीच मदतीमुळे वाचली का? काही आपोआपही सावरली असती. कोणती, ते कळायला एकच मार्ग होता." त्यांचा आवाज खाली गेला. "काही लाल मुलांना मदत मिळू द्यायची नाही. काय होतं ते बघायचं. शाळेच्या संशोधन समितीने मंजुरी दिली. त्याला अलिप्त गट म्हणतात. त्या मुलांची खूण तुम्हाला हिरवी दिसते."

जुलेखांनी टेबलाची कड घट्ट धरली. "बघायचं? तो पोरगा बुडत होता आणि तुम्ही काठावर बसून बघत होता?"

"पुढच्या हजारो मुलांसाठी, मॅडम. आंधळं यंत्र कुणालाच..."

"आणखी कोण आहे त्या गटात? नावं द्या मला. आत्ता."

"माझ्याकडे नाहीत. निवड यंत्रच चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतं आणि ती मूळ आलेखांसकट समितीकडे कुलूपबंद असते. आमच्यापैकी कुणालाच कळू नये, नाहीतर आम्ही मध्ये पडू, म्हणून. तेजसचा आलेख आज उघडला तो काल हे घडलं म्हणून. समितीला फोन केलाय. बैठकीशिवाय कुलूप निघणार नाही म्हणाले."

जुलेखांनी हळूच विचारलं, "तुमची ईरा इथेच आठवीत आहे ना?"

"हो."

"तिची खूण?"

"हिरवी. रोज बघतो मी. कायम हिर..."

"तिच्याशी शेवटचं नीट कधी बोललात, सर?"

तावऱ्यांना आठवेना. विचारायची गरजच पडली नव्हती. खुर्ची मागे कलंडली आणि ते जिन्याकडे धावले.

ईरा वर्गाबाहेर आली, तेव्हा ते धापा टाकत होते.

"बाबा? काय झालं?"

"कशी आहेस तू?"

"मजेत," ती म्हणाली.

त्यांनी कान देऊन ऐकलं. आयुष्यभर आवाजाचा अभ्यास केलेल्या त्या माणसाला तिच्या एका शब्दातून काहीही कळलं नाही. मागोमाग आलेल्या जुलेखा शेजारच्या वर्गात एकेका मुलाजवळ बसून बोलत होत्या. तावरे तिथेच पायरीवर बसले.

"बस जरा इथे, बाळा," ते म्हणाले. "मला कुठेही जायचं नाहीये."

ईरा बराच वेळ उभीच राहिली. मग त्यांच्याकडे न बघता शेजारी टेकली, आणि तिची हनुवटी थरथरू लागली.