सूर्याआडची बैठक

जालन्याजवळच्या आंतरग्रहीय संवाद केंद्रात वृंदा खांबेटेंना बोलावलं होतं ते बैठक-संयोजक म्हणून. खुर्च्या, नावांच्या पाट्या आणि वेळेवर चहा. तेवीस वर्षं त्या हेच करत होत्या. काम चोख झालं की करणारा कुणाला दिसत नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

या वेळी समोरचा पक्ष मंगळावर होता. ‘गैरिक’ वसाहतीखालचा बर्फ संपत आला होता आणि दोनशे बारा माणसांना धुळीच्या वादळांआधी हलवायचं होतं. वसाहतप्रमुख वनमाला मसराम यांना उत्तरेचं पठार हवं होतं. केंद्राचे संचालक देवस्थळी बर्फ उथळ आणि वाट जवळची म्हणून दक्षिणेच्या दरीवर अडून बसले होते. जागा ठरल्याशिवाय तिथल्या जमिनीला साजेसं, बर्फ उपसणारं खननयंत्र पृथ्वीवर बांधायला घेता येत नव्हतं.

पहिला दिवस भांडणात गेला.

“दोष माणसांचा नाही,” संदेशवहनतज्ज्ञ डॉ. शहनाज पटवेकर वृंदाताईंना म्हणाल्या. “मंगळ सध्या सूर्याच्या पलीकडे चाललाय. प्रकाशाला तिथे पोहोचायला एकवीस मिनिटं लागतात आणि त्याहून वेगानं संदेश जाऊच शकत नाही. म्हणजे विचारल्यापासून उत्तराला बेचाळीस मिनिटं. हा प्रकाशविलंब कुणालाच टाळता येणार नाही.”

“आणि तेवढा वेळ ही मंडळी काय करतात?”

“चिडतात.”

बैठकीचं खरं काम मधल्या सुटीत होतं, हे वृंदाताईंना अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. आजवर ते कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न विचारताच बोलल्या. “आपला संदेश गेला की प्रत्येकानं कागद घ्यायचा. समोरचा काय उत्तर देईल आणि का, ते लिहायचं. उत्तर आलं की ताडून बघायचं आणि ते तर्कपत्र तिकडे पाठवायचं. तिकडच्यांनीही तसंच करायचं.”

देवस्थळींनी चष्मा काढला. “बाई, ही शाळा नाही.”

“नाही, साहेब. शाळेत उत्तर आधीच ठरलेलं असतं.”

पहिली तर्कपत्रं साफ चुकली. मसराम केवळ हट्टानं उत्तरेचं पठार मागताहेत असं देवस्थळींनी लिहिलं होतं. मंगळावरून कळलं ते असं: पठारावरचा बर्फ खोल असला तरी शंभर वर्षं पुरेल, आणि त्यांना पुन्हा घर हलवायचं नव्हतं. चौथ्या दिवशी दहांतली आठ तर्कपत्रं बरोबर निघाली. देवस्थळी आता उत्तराची वाट बघताना फेऱ्या मारत नव्हते, लिहीत होते.

सातव्या दिवसापासून मंगळ सूर्याआड जाऊन संपर्क दोन आठवडे तुटणार होता. पण पाचव्याच दिवशी दुपारी सौरवादळ उठलं, संपर्क दोन दिवस आधीच तुटला आणि पडदा कोरा झाला.

“बैठक संपली,” कुणीतरी म्हणालं.

“संपर्क संपलाय,” वृंदाताई म्हणाल्या. “बैठक चालू आहे. आता शेवटचं तर्कपत्र लिहू. धुळीच्या वादळांआधी हलायचं तर तिकडची माणसं कुठे जातील?”

देवस्थळींनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. “मी उत्तरेचं पठार मान्य करणार होतो. पण मसराम आता माझ्यासाठी दक्षिणेची दरी मान्य करतील.”

“आणि तुम्ही उत्तरेचं पठार मान्य कराल, हेही त्यांना कळलं असेल,” डॉ. पटवेकर म्हणाल्या. “मग दोघं एकमेकांसाठी माघार घेऊन दोन टोकांना.”

“तर मग दोघांनी घेतलेली माघार जिथे भेटते, ती जागा कोणती?” वृंदाताईंनी विचारलं.

सगळे नकाशावर वाकले. दोन्ही जागांच्या मधोमध, जुन्या पाहणीत नोंदलेली आणि बैठकीत एकदाही न उच्चारलेली ताम्रघळ होती. बर्फ मध्यम खोल, वाट मध्यम लांब.

देवस्थळींनी संपर्क परत येण्याची वाट पाहिली नाही; तासाभरात ताम्रघळीच्या यंत्राच्या बांधणीच्या आदेशावर सही केली. मग तो कागद वृंदाताईंपुढे सरकवला. “संयोजकांचीही सही लागेल.” त्यांनी सही केली, आणि पुढचे पंधरा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. चूक झाली असती तर दोनशे बारा माणसं पाण्यावाचून उघडी पडणार होती.

सोळाव्या दिवशी सकाळी पडदा उजळला. वनमाला मसराम लाल धुळीनं माखल्या होत्या. त्यांच्यामागे तंबूंच्या रांगा आणि एका घळीचे तांबूस कडे दिसत होते.

“ताम्रघळीतून बोलतेय,” त्या म्हणाल्या. “सगळे सुखरूप पोहोचलो. यंत्र कुठलं बांधताय ते सांगू नका, ओळखलंय; पाया खणून ठेवलाय.”

उत्तर पाठवण्याआधी देवस्थळींनी वृंदाताईंसाठी टेबलाच्या मधोमध खुर्ची ओढली.