दारावरची तुळई

गुरुलिंगचं पत्र आलं तेव्हा मी नोकरीत होतो. वाचून मी त्याची घडी केली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर लिहायला बसलो की वाटायचं, आधी तपासून बघावं. तपासायला उठलो की वाटायचं, आपलं काहीतरी चुकेल. मंडईत कोथिंबीर ताजी आहे का, हेही मला दुसऱ्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.

मी सोलापुरात एका कॉलेजात काँक्रीट शिकवायचो. गुरुलिंग दुधनीचा, माझा विद्यार्थी. भार सोसत असलेलं काँक्रीट समुद्राच्या पाण्यात किती टिकतं, हे आम्ही पाहत होतो. एकाच दिवशी, एकाच मालातून चार तुळया ओतल्या. दोन-दोन तुळया पाठीला पाठ लावून, मध्ये ठोकळा ठेवून, टोकांशी बोल्टने आवळल्या. अशाने त्या कायम वाकलेल्या राहतात आणि त्यांना बारीक भेगा पडतात. एक जोडी गुरुलिंगने कोकणात एका जुन्या धक्क्याखाली समुद्रात टांगली. दुसरी, कोरडी, तुलनेसाठी माझ्याकडे राहिली.

नट फिरवण्याआधी गुरुलिंग त्यावर पान्याने दोनदा टकटक करायचा. "झोपलाय का बघतो, सर," म्हणायचा.

पत्रात त्याने लिहिलं होतं, "सर, इथल्या तुळया पाण्यातून वर काढल्या की कोरड्या असतात. तुकडा फोडून पाहिला, आत मीठ नाही. मला भीती वाटते. तुमच्याकडची जोडी ओली होते का? होत असेल तर कळवा, मी इथला भार उतरवतो. तुमचं उत्तर येईपर्यंत राहू देतो."

माझी जोडी तेव्हा वरवर पाहता कोरडी ठणठणीत होती. मला वाटलं, पोरगा एकटा राहून कंटाळलाय.

आमच्याकडे तपासून झालेलं काँक्रीट कुणी टाकून देत नाही. त्याच्या पायऱ्या होतात, कपडे धुवायचा दगड होतो. निवृत्त होताना मी जोडीचे नट सोडवले, आणि प्रयोगशाळेतला शिपाई इसूफ एक तुळई घेऊन गेला. नई जिंदगी या वस्तीत घर बांधताना त्याने ती दारावर टाकली. घराला ते एकच दार.

यंदा एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "सर, येऊन जावा की ओ. दारावर पाणी येतंय."

"वर टाकी आहे का?"

"कुटली टाकी? नळाला पाणी पाच दिसानं येतं. पत्रा हाय नुसता."

दुपारी गेलो. डांबर चपलेला चिकटत होतं. इसूफची नात नाजनीन बाळंतपणाला आली होती, बाळ कापडात गुंडाळून आत निजलं होतं. तुळईचं खालचं अंग काळपट ओलं होतं. गिलावा फुगून पांढरी पूड आली होती.

"लोणा लागलाय, भिंतीतला खार," मी म्हणालो.

"लोणा आमी पन वळखतो," लालबी, इसूफची बायको, म्हणाली. "लोण्याला मासळीचा वास येतोय व्हय?"

वास येत होता. मी बोट लावून चाखलं. खारट, आणि त्याखाली किंचित कडवट.

"दिसातनं दोनदा भरतं आन् उतरतं," इसूफ म्हणाला. "रोज येळ जरा म्होरं सरकती."

 भरती-ओहोटीची वेळ अशीच सरकते.

भेगेच्या टोकाशी मी पेन्सिलीने खूण केली आणि भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच तुटते. हात टेकवला तेव्हा तुळई हलके हलके थरथरत होती. एक धक्का, मग थांबणं, मग पुन्हा धक्का.

"काही दिवस दुसरीकडे राहा," मी म्हणालो.

"चाळीस दिसांचं चिल्ल्याचं न्हाणं झालं न्हाय अजून," लालबी म्हणाली. "तवर बाळंतीण उंबरा वलांडत न्हाय. ह्यांना सांगा टेकू लावाया. प्रोफेसर आनलाय न्हवं?"

निघताना नाजनीनने मला हळूच विचारलं, "सर, वर कुनी हाय का? लोखंडावर लोखंड वाजतंय. पाना लावल्यावानी. दोनदा टकटक करतंय, आन् फिरवत न्हाय. थांबून ऱ्हातंय."

घरी येऊन मी ते पत्र शोधलं. त्यावरचा नंबर बंद होता. दुधनीत चौकशी केली, तेव्हा त्याच्या बहिणीचा, नागव्वाचा, फोन लागला.

"अण्णा? अण्णा कवाच गेला की ओ, सर. नट बघून येतो म्हनून धक्क्याखाली उतरला. हातात पाना हुता. वर आलाच न्हाय. घावला पन न्हाय."

मग ती म्हणाली, "सारखा म्हनायचा, सोलापूरचं पत्र येऊ द्या, मंग सोडतो."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. तुळई मधोमध वाकली होती. तिच्या डोक्यावर दोन हात भिंत आणि पत्रा, एवढंच ओझं. तिच्याखाली चौकट दबली होती आणि दार घट्ट बसलं होतं. नाजनीन आणि बाळ आत.

काचेची पट्टी तुटून पडली होती. भेग माझ्या खुणेच्या कितीतरी पुढे गेली होती. भेगेच्या कडेला समुद्रातली बारीक कालवं धरली होती. जिवंत.

इसूफने लोखंडी टेकू लावला होता. आम्ही बघत असताना तो धनुष्यासारखा वाकला.

"दार फोडू नका," मी म्हणालो. "तुळई चौकटीवरच तरलीय."

पोरं पत्रा काढायला वर चढली. पत्र्यावर पाय पडताच तुळई करकरली. पोरं खाली उतरली.

"सर, सांगा की काय करायचं," इसूफ म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

आत बाळ रडत होतं. मग तुळईतून आवाज आला. टक. टक.

कुणीतरी थांबून राहिलं.

माझ्या पिशवीत नेहमी एक अंतर्देशीय पत्र असतं. कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसून मी लिहिलं, "गुरुलिंग, ओली झाली आहे. भार उतरव." पत्ता तोच घातला, कोकणातला.

टपालपेटी उन्हाने इतकी तापली होती की झाकण रुमालाने उचलावं लागलं. पत्र आत सोडलं.

ते पाण्यात पडलं. खोल.

मी तापल्या पेटीला कान लावला. आत दोनदा टकटक झालं. मग पाना फिरला, नटाचा एक आटा.

सैल करताना आणि आवळताना पान्याचा आवाज सारखाच येतो.