पावाच्या कडा

हौसाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चांगलं अन्न कचऱ्यात टाकत होता. त्यामुळे पहिल्या नजरेत जे काही व्हायचं असतं, ते झालंच नाही. झाला तो नुसता संताप.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहून फार दिवस झाले नव्हते. आकुर्डीच्या सावळारामची ही थोरली मुलगी तिथल्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला जाऊ लागली, तेव्हा गावात पुष्कळ नाकं मुरडली गेली होती. त्या दुपारी चुलीपाशी मीठ संपलं, म्हणून ती मागच्या खोलीत डोकावली. साहेबलोकांचा चहा तिथे व्हायचा. पांढरा ॲप्रन बांधलेला एक उंचेला तरुण टेबलापाशी उभा होता. समोर पावाच्या कापांची चळत, हातात लांब सुरी. सुरी चारी बाजूंनी फिरायची, आणि पावाच्या खरपूस, तांबूस कडा रॉकेलच्या रिकाम्या डब्यात पडायच्या.

हौसा मीठ विसरली. सरळ पुढे गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"हे काय चाललंय?"

"सँडविच," तो म्हणाला. मग मनगटाकडे बघून – "...चाललं होतं."

"आन् ह्ये डब्यात काय पडतंय?"

"कडा. साहेबलोक कडा खात नाहीत."

"का? दात न्हाईत व्हय त्यास्नी?"

तो हसला. हसायचं काहीच कारण नव्हतं, म्हणून ती आणखी भडकली. भाकरीची कड म्हणजे भाकरीतला सगळ्यात चवदार भाग, तिच्या घरी त्यासाठी भावंडांची भांडणं व्हायची, आणि हा बाबा कडाच कापून फेकतो? तिने डबा उचलला, वरवरच्या स्वच्छ कडा निवडून पदरात घेतल्या आणि तरातरा निघून गेली. तो तरुण, ज्योतीराम, आपल्या मनगटाकडे बघत राहिला. बाजरीच्या पिठाची बोटं त्यावर उमटली होती. ती त्याने लगेच पुसली नाहीत... पण हे हौसाला फार उशिरा कळलं.

कौशल्याबाईंनी तिला त्याची माहिती पुरवली. त्या कँटीनमधल्या बायकांच्या मुकादम. "साताऱ्याकडचा आहे, कोरेगावचा. देहूरोडला मिलिटरीच्या मेसमध्ये होता. गोऱ्या साहेबाच्या हाताखालच्या खानसाम्यानं शिकवलंय त्याला. त्याच्याशी भांडू नकोस, हौसा. गुणी आहे."

"गुणी असंल. पर अन्न टाकतो," हौसा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला गेली.

गेली, तर टेबलाच्या कोपऱ्यावर स्वच्छ फडक्यात कडा बांधून ठेवलेल्या. डबा रिकामा.

"तुमच्यासाठी," तो सुरीवरची नजर न काढता म्हणाला.

"मी काय मागाया आले व्हते?"

"नाही. भांडायला आला होता. पण भांडून झाल्यावर घेऊन जा."

मग हे रोजचंच झालं. दुपारच्या भाकऱ्या उरकल्या की हौसा मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची. खिडकीतून उन्हाची तिरीप त्याच्या हातांवर पडायची, वाटलेल्या कोथिंबिरीचा वास यायचा, आणि ती त्या हातांकडे बघत बघत त्यांच्या कामाला नावं ठेवायची. नावं ठेवायला तोटाही नव्हता. यंत्रं बसवायला आलेले परदेशी साहेब पावात काकडी घालून खायचे. काकडी कशी, तर आरपार दिसेल इतकी पातळ. आणि तेही काट्या-सुरीने, हात न लावता.

"काकडी हाय का काकडीची सावली?" हौसा विचारायची. "आन् अन्नाला हात लावायची कसली लाज?"

हिशेबखात्यातल्या पारशीबुवांना काकडीखाली हिरवी चटणी सणसणीत लागायची. पंजाबी इंजिनिअर पाव उघडून आत लोणचं भरायचे आणि पुन्हा मिटवायचे. मद्रासकडचे एक साहेब कांद्याचा वास आला तरी बशी परत पाठवायचे, आणि पुण्याचे एक साहेब सँडविच चहात बुडवून खायचे, लोण्यासकट. चहावर तवंग यायचा.

"एका पावाच्या एवढ्या तऱ्हा," ज्योतीराम म्हणायचा. "ज्याच्या घरी जसं खातात, तसंच तो दोन कापांच्या मधे शोधतो. मला बघायला आवडतं."

"तुमच्या घरी काय खात्यात?"

"आई होती तोवर भाकरी. मग... मेसमध्ये जे उरेल ते."

दुसऱ्या दिवशी हौसाने आपल्या न्याहारीतला अर्धा वाटा त्याच्यापुढे ठेवला. बाजरीची भाकरी, मधे ठेचा आणि तेलाची धार, वरून दुसरी भाकरी दाबलेली. शेतावर नेतात तशी.

त्याने ती निरखून पाहिली. "हे तर सँडविचच की."

"सँडविच म्हनायचं काम न्हाई," ती उसळली. "माजी आज्जी ह्ये बांधून रानात जायाची, तवा तुमचा सायेब दर्याच्या पल्याड व्हता. ही न्याहारी हाय. न्याहारीच म्हना."

"न्याहारी," तो शहाण्यासारखा म्हणाला. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेचा तिखट होता खरा. पण दुसऱ्या घासालाही त्याने पाणी मागितलं नाही, आणि भाकरीची कड त्याने शेवटपर्यंत वेगळी ठेवली. ती खाताना तो तिच्याकडे बघत होता. हौसाला त्या बघण्याचाही राग आला, असं तिने स्वतःला सांगितलं.

कडा घरी जात होत्या. सरुबाई, म्हणजे हौसाची आई, त्यांना कांदा-मोहरीची फोडणी द्यायची आणि धाकटी पोरं ताटं पुसून खायची. इथवर सगळं ठीक होतं. पण शेजारी गोजाबाई राहायची, आणि तिचं नाक फार लांबवर पोचायचं.

आकुर्डीत तेव्हा पाव घरात येई तो एकाच कारणाने. कुणी तापाने फणफणलं, पोटात काही ठरेना, की देहूरोडच्या बाजारातून पाव आणायचा आणि दुधात कुस्करून रोग्याला भरवायचा. धडधाकट माणूस पाव कशाला खाईल? आणि सावळारामच्या घरात तर रोज पाव. आणणारी कोण, तर लग्नाची मुलगी. ती जाते कुठे, तर जिथे सुया आणि औषधं बनतात तिथे. गोजाबाईने चारचौघींना नुसतं विचारलं, "पोरीचं दुखनं लई दिसाचं हाय का वो?" बाकीचं काम गावाने केलं. आठवडा उलटायच्या आत हौसाला छातीचा विकार जडला होता आणि सावळारामने तो लपवला होता.

नेमकं त्याच सुमारास चाकणहून मालोजी कांदेवाल्याच्या घरचे तिला बघायला येणार होते. पोहे निवडून ठेवले होते, सतरंजी मागून आणली होती. ते आले नाहीत. निरोप आला – मुलीची तब्येत सांभाळा, म्हणून.

सावळाराम दिवसभर ओसरीवर बसून राहिला. रात्रीच्या जेवणाला त्याने एवढंच म्हटलं, "त्या कारखान्याचा वास लागला आपल्याला. ह्या रविवारपातुर जा. म्होरं बंद."

दुसऱ्या दिवशी हौसा मागच्या खोलीत शिरली ती तोफेसारखी. फडक्यात बांधलेल्या कडा तिने टेबलावर आपटल्या.

"घ्या तुमच्या कडा. माजं लगीन मोडलं ह्यांच्यापायी."

ज्योतीरामची सुरी थांबली. "लग्न... ठरलं होतं?"

"ठरत व्हतं. गाव म्हनतंय मला रोग हाय. पाव खाती म्हनून." तिचा आवाज कापायला लागला. तिला त्याचाही राग आला. "मला, रोग! धा पायल्यांचं दळन मी एकटी दळते. आन् आबा म्हनत्यात, रविवारनंतर कँटीन बंद. तुमी... तुमी काय हसताय?"

"हसत नाही."

"हसताय. लगीन मोडलं माजं, आन् तुमास्नी हसू येतंय."

"लग्न मोडलं म्हणून... हो, आलं जरासं," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते. "कँटीन बंद म्हणालात, तिथे गेलं."

हौसाला कळलं, आणि कळलं म्हणून ती जास्तच तणतणली. असलं काही सांगायची ही वेळ? ही रीत? माणसाने नीट शब्दांत सांगू नये? तिने पाठ फिरवली आणि दारातून म्हणाली, "दमच असंल तर ह्ये आमच्या आबांच्या म्होरं बोला. हितं पावाला काय सांगताय."

रविवारी सकाळी तो आला. धुतलेला सदरा, डोक्याला गांधी टोपी, हात रिकामे. पाव घेऊन यायचा वेडेपणा त्याने केला नव्हता, एवढी अक्कल त्याला आली होती. हौसा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिथून ओसरी सरळ दिसायची, म्हणून तिने मुद्दाम तिकडे पाठ केली. मागोमाग गोजाबाई हळद मागायला आली. तिची हळद नेमकी आत्ताच संपायची होती.

"पाव्हनं, काम काय काढलं?" सावळारामने विचारलं. विचारण्यात गोडवा नव्हता.

त्याने गाव सांगितलं, भावकी सांगितली. आईबाप नाहीत, हेही सांगितलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाला, "तुमच्या हौसाबाईंना मी मागायला आलोय. माझ्यापायी त्यांच्यावर आळ आला. पण आळ आला म्हणून नाही आलो. नसता आला तरी... आलोच असतो. जरा उशिरानं."

चुलीवरची भाकरी करपायला लागली होती. हौसाच्या लक्षात आलं नाही.

"त्या पावाचं मानूस व्हय तुमी," सावळाराम म्हणाला, आणि इतक्या दिवसांचा साठलेला अपमान एकदम वर आला. "आजाऱ्याचं अन्न रांधनारा तुमी. माज्या धडधाकट पोरीला गावानं रोगी केलं त्या तुमच्या पावानं. काय करता काय वो दिसभर तिथं? दाखवा की एकदा. ह्या घरात पाव न्हाई, भाकरी हाय. करा तिचं काय ते."

सरुबाईने भीत भीत भाकऱ्यांची परडी, ठेचा आणि विळीऐवजी भाजीची सुरी पुढे ठेवली. ज्योतीराम मांडी घालून बसला. त्याने भाकरीवर ठेचा पसरला, कांद्याचे पातळ काप मांडले, तेलाची धार सोडली, वरून दुसरी भाकरी ठेवून हलकेच दाबली. हात सराईत होते. पोरं जवळ सरकली. गोजाबाईही सरकली. मग त्याने सुरी उचलली, डाव्या हाताने भाकरी धरली, आणि सुरी गेली... भाकरीच्या कडेकडे.

हौसा कधी उठली ते तिलाच कळलं नाही. ओसरी ओलांडून ती आली आणि पिठाच्या हाताने तिने त्याचं मनगट गच्च धरलं.

"कडा कापायच्या न्हाईत," ती म्हणाली. "किती येळा सांगायचं तुमास्नी?"

परक्या पुरुषाचा हात, बापासमोर, शेजारणीसमोर, भरदिवसा. आणि तो धरण्यात नवखेपणा अजिबात नव्हता. सावळाराम मुलीच्या हाताकडे बघत राहिला, मग त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे. ज्योतीराम ओठ घट्ट मिटून बसला होता.

"दुखतंय का?" सावळारामने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "फार जोर आहे हाताला."

सावळाराम सावकाश गोजाबाईकडे वळला. "ऐकलं का, वैनी? गावात सांगा. जसं मागलं सांगितलं, तसंच ह्येबी सांगा. रोग्याच्या हाताला जोर किती हाय, त्ये."

गोजाबाई हळद न घेताच गेली.

"सोड आता त्याचा हात, पोरी."

हौसाने वर पाहिलं. रागाने, लाजेने, आणखी कशाकशाने तिचा चेहरा पेटला होता. चाकणवाल्यांसमोर मान खाली घालून बसायला ती तयार झाली होती, हे तिला आठवलं. तेव्हा तिला काही विचारलं गेलं नव्हतं, आणि आत्ताही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तिने न विचारताच सांगितलं.

"न्हाई सोडत, आबा."

सावळारामने परडीतली भाकरी स्वतः मोडली आणि कड पाहुण्याच्या हातावर ठेवली. "खा," तो म्हणाला. "आमच्यात हीच आदी खात्यात."

निघताना हौसा त्याला विहिरीपर्यंत सोडायला गेली. हरभऱ्याच्या रानावरून गार वारा येत होता. त्याच्या मनगटावर पीठ तसंच होतं.

"एक खरं सांगा," ती म्हणाली. "हाताच्या सवयीनं गेली सुरी, का मुद्दाम न्हेलीत? मी उठून येनार, ह्ये ठावं व्हतं तुमास्नी?"

ज्योतीरामने खिशातून भाकरीच्या कडेचा उरलेला तुकडा काढला, तोंडात टाकला आणि तोंडाकडे बोट दाखवलं. घास आहे, बोलता येत नाही.

हौसाला असा संताप आला म्हणता, की त्याचा घास संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. आणि तो फार सावकाश चावत होता.