मागे बसवलेला टर्बो

"गाडी थांबली की लगेच चावी फिरवायची न्हाई, मॅडम. एक माळ जपून होईस्तोवर इंजिन चालू ठेवायचं. टर्बो जरा निवतो, त्यातलं तेल माघारी येतं."

गॅरेजवाल्या मुंजाजीचं हे सांगणं राजेश्रीनं मनात पक्कं धरलं होतं. म्हणून तर चुडाव्याच्या शाळेसमोर रोज बारा मिनिटं ती धडधडत्या जीपमध्ये डोळे मिटून जपाला बसायची. हेडमास्तर दिनकरराव खिडकीशी येऊन विचारायचे, मॅडम, आज उतरायचा विचार आहे का.

त्याची ओळख झाली तीही वैतागातच. पूर्ण्याच्या रेल्वेपुलावर तिच्या वडिलांची, गोविंदरावांची जुनी जीप चढता चढेना. मागून कुणीतरी धक्का देत होतं. पूल सरल्यावर तिनं वळून पाहिलं... गालाला ग्रीस, कपाळावर घाम, आणि नजर खाली, चाकावर. पलीकडचं गॅरेज त्याचंच निघालं. जीपला जोर यावा म्हणून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो लावू म्हणाला. बॉनेटखाली जागा नाही, म्हणून मागे, सायलेन्सरजवळ बसवतो म्हणाला.

जोर आला, पण आपल्या सवडीनं. पाय दाबावा, तर मागची हवा लांब नळीतून इंजिनापर्यंत येईस्तोवर कडब्याची बैलगाडी पुढे निघून जायची. आणि गतिरोधक दिसला की नेमकी तेव्हाच जीप उसळायची. रस्त्याचा चिखलही टर्बोवरच जाऊन बसायचा. दोन महिन्यांत ती नऊ वेळा गॅरेजात गेली. दर वेळी तो नळी आवळायचा, चहा सांगायचा, तिच्याकडे बघून म्हणायचा, "एक बोलायचं होतं..." आणि बोलायचा मात्र नळीबद्दल.

गुरुवारी ती दहाव्यांदा आली. जपाची बारा मिनिटं ऐकून तो चक्रावला.

"किती मण्यांची हाय माळ?"

"एकशे आठ. आणखी कितीची असते?"

"आमच्या आईची सत्तावीसची हाय," तो हसू दाबत म्हणाला. "तीन मिनिटांत होती तिची."

उपवासाच्या दिवशी चिडायचं नाही, हा राजेश्रीचा नेम. तिनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागून घेतली.

"तुमचं सगळंच उशिरा कळतं हो. रविवारी परभणीचे पाहुणे येतायत. मला बघायला."

पाना त्याच्या हातात तसाच राहिला.

"तुमी... काय सांगताल त्यांना?"

"दुसऱ्या कुणी मला विचारलंच नाही, तर हो म्हणावं लागेल."

त्यानं पाना खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "खरं सांगू? बॉनेटखाली जागा होती."

"काय?"

"रेडिएटर जरा सरकवला असता तर बसला असता पुढं. पण मग तुमी परत कशाला आल्या असत्या?"

म्हणजे दोन महिने ती बैलगाड्यांच्या मागे मागे... तिला ओरडावंसं वाटलं. ओठांवर मात्र हसूच आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"माझ्याशी लग्न करताल का?" त्यानं विचारलं. एकदाचं.

"करीन. पण दादांशी तुम्ही बोलायचं. आज, दिवेलागणीच्या आत. शब्द द्या."

"दिला."

त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, खिळ्यावरचा धुतलेला शर्ट घातला. तीही उठली, तसा तो संकोचून म्हणाला, "तुमी इथंच थांबा. तुमच्यासमोर मला बोलता येत न्हाई."

तो तिच्या दादांच्या, गोविंदरावांच्या घराच्या दिशेनं निघाला. पायीच, शर्टाची वरची गुंडी लावत.